रिकाम्या घराचं फडकं

टाळ्या वाजल्या तेव्हा मी कडेवरच्या माझ्या लेकीचे, ठकीचे कान झाकले. खरं तर तिला टाळ्यांची भीती वाटत नाही, घरात कुणी टाळी वाजवली की ती खुदकन हसते. पण माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं आणि तिचे कान जवळ होते. आम्ही सगळे इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत उभे होतो. कुणी घरातल्या चपलांवर, कुणी अनवाणी, वरच्या मजल्यावरचा एक जण अर्धीच दाढी केलेला. जिन्याच्या तोंडातून अजून थोडा धूर येत होता, पण तो आता कुणाला भिववत नव्हता. नको असलेल्या पाहुण्यानं निघता निघता दारात रेंगाळावं तसा तो रेंगाळत होता. तळमजल्यावरच्या मीटरच्या कपाटात केबल जळाली होती, एवढंच. अग्निशमन दलाचा अधिकारी हेल्मेट काखेत धरून म्हणत होता, "अशी माणसं भेटली की आमचं निम्मं काम झालं. दाराला पांढरं फडकं दिसलं की घर रिकामं, चला पुढे. कुणाचं डोकं हे?" सेक्रेटरीकाकांनी माझ्याकडे हात केला. "आमच्या या भोंगाताईंचं. आम्ही चेष्टा करायचो हो यांची, पण आज मानलं." मग हशा, मग टाळ्या. ठकी टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती, अंगावरचा साबण वाळून तिच्या पाठीला पापुद्रे आले होते, आणि मी तिचे कान दाबून धरले होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

"मी आहे हो इथेच!" शेजारच्या मावशी म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केलेली, न ओरडता लांबवर पोचणारा आवाज त्यांच्याकडे अजून होता. "घाबरू नका कुणी. ही आली होती मला बोलवायला. मीच नाही म्हटलं."

टाळ्या विरल्या. सगळ्यांनी आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे. मी ठकीच्या केसांतला साबण बोटानं काढत राहिले, जणू जगात आत्ता तेवढंच काम निकडीचं होतं.

भोंगा हे नाव मला नवऱ्यानं दिलं आणि इमारतीनं उचललं. ठकी झाली आणि मला घर दिसेनासं झालं. दिसायचे ते फक्त धोके. टेबलाचे कोपरे, गॅसची नळी, खिडकीची सैल कडी, बाथरूममधली अर्धी भरलेली बादली. कॉलेजात मी भूगोल शिकले, भूकंपाचे पट्टे नकाशावर रंगवून चांगले मार्क मिळवले. आता ते पट्टे पाळण्याखालून जायला लागले. लोक बाळ झाल्यावर फोटो काढतात, मी बाहेर पडायच्या वाटा मोजत होते. "अगं, एवढं अभद्र चिंतू नये," आई फोनवर म्हणायची, आणि मला वाटायचं, चिंतलं नाही म्हणूनच ते येतं. शेवटी नवरा म्हणाला, तुला घाबरायचंच आहे तर रीतसर शिकून घाबर. चेष्टेत म्हणाला, पण मी खरंच गेले. आपत्ती व्यवस्थापनाचा रहिवाशांसाठीचा वर्ग होता, एका शाळेच्या हॉलमध्ये, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचं. शिकवणारे निवृत्त फायरमन होते, जाडजूड, आणि बोलताना सारखे खडूचे तुकडे करणारे. ते म्हणाले होते, "संकटात माणूस शिकलेलं करत नाही. सवयीचं करतो. म्हणून शिकू नका, सवय लावा." मी ते वाक्य इतकं मनावर घेतलं की घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं, सेक्रेटरीकाकांना ऐकवलं, जिन्यात भेटेल त्याला ऐकवलं. मग पांढऱ्या कापडाचा तागा आणून मीच फडकी कापली, कडा शिवल्या, प्रत्येक घरात दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला एक टांगलं. धूर दिसला की घरातलं शेवटचं माणूस बाहेर पडताना फडकं काढणार, दार ओढणार, बाहेरच्या कडीला अडकवणार. आत कुणी नाही, ठोठावण्यात वेळ घालवू नका. आणि ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्यासाठी जोड्या. शेजारच्या मावशींचे दोन्ही गुडघे गेलेले, घरात त्या वॉकर धरून चालत. त्यांची जोडी मी. दार ठोठावायचं, त्यांचा हात खांद्यावर घ्यायचा, पायरीगणिक उतरायचं. आम्ही सराव केला तेव्हा मावशी मध्येच पायरीवर बसून म्हणाल्या होत्या, "आग विझेल गं तोपर्यंत. तिला सांग, जरा होल्ड करा." सगळा जिना हसला होता. सराव नेहमी सुटीच्या सकाळी व्हायचा. सुटीच्या सकाळी ठकी बापाच्या कडेवर असायची. इतकी सगळी अभद्रं चिंतली मी, पण सरावात माझे दोन्ही हात मोकळे आहेत हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी ते मोकळे नव्हते. नवरा कामावरून यायचा होता. ठकी टबात, डोक्यापासून पायापर्यंत फेस, आणि मी तिला "नाक कुठाय, कान कुठाय" विचारत होते. वास आधी आला, रबर जळाल्यासारखा, मग खालून वॉचमनची शिट्टी. ठकीला उचललं तेव्हा ती साबणानं इतकी निसरडी होती की दोनदा हातातून सटकली. दुसऱ्या वेळी मी तिला दंडाला धरून अक्षरशः पकडली आणि ती किंचाळली. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टॉवेल. गॅस बंद. खिळ्यावरचं फडकं हातात. दार ओढलं. जिन्यात करडा धूर, डोळ्यांत झोंबणारा. मग माझा हात पुढे झाला, फडकं एका कडीला अडकवलं, आणि मी पळाले.

ती कडी माझ्या दाराची नव्हती. आमची आणि मावशींची दारं काटकोनात, एकमेकांना चिकटून. रोज सकाळी खालून येताना मी त्यांच्या दुधाची पिशवी आणते आणि त्यांच्या कडीला अडकवते. रोज. आपलं दार ओढायचं, आणि मोकळा हात मावशींच्या कडीकडे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचले तेव्हा माझ्या तळहाताला ते कळलं. डोक्याला नाही, तळहाताला: मावशींची कडी गोल आहे, आमची चपटी. मी थांबले. हे मला नीट आठवतं, त्यात धूर नाही. मी थांबले आणि वर पाहिलं, अर्धा जिना चढला की मावशींचं दार. ठकी खोकली. आणि मी खाली गेले.

एवढंच झालं असतं तर मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. कडेवर मूल असलेली बाई खाली जाते, कुठलीही जाते. खाली पोचल्यावर ठकीला कुणाच्याही हातात देऊन सांगता आलं असतं, मावशी वर आहेत. बंबातून उतरलेला पहिला माणूस माझ्याजवळच आला, कारण मजल्याची जबाबदार म्हणून माझ्या नावाचा गजर झाला. "तिसरा मजला रिकामा?" त्यानं विचारलं. नाही म्हणायचं तर त्याच्या पाठोपाठ पुढचा प्रश्न होता. मग तुम्ही इथे कशा? तो त्यानं विचारला नसता कदाचित. पण मला तो ऐकू आला, आणि माझी मान हलली. हो अशी हलली. आणि ते लोक वर गेले, मावशींच्या दाराला पांढरं फडकं पाहिलं, आणि पुढे गेले.

नंतर वर गेलो तेव्हा मावशी खुर्चीत बसल्या होत्या. दाराच्या फटीला ओली चादर गच्च कोंबलेली, खिडकी उघडी. खोकत होत्या, डोळे लाल. "तू सांगितलं होतंस ना, बाहेर जाता आलं नाही तर ओलं कापड फटीला," त्या म्हणाल्या. "बघ, तुझी विद्यार्थिनी पास." सेक्रेटरीकाका फडकं हातात नाचवत होते. "हे हो कुणी लावलं? घर रिकामं म्हणून?"

"मीच," मावशी म्हणाल्या. "कुणी येऊन उगाच दार बडवू नये म्हणून."

"मावशी, कमाल करता! जीव गेला असता म्हणजे?"

"माझाच होता ना? तुमचा थोडाच मागितला?"

काका बडबडत गेले. आमच्या दाराला फडकं का नव्हतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही; कौतुक झालेल्या माणसाच्या दाराकडे कोण बघतं. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तुझ्यामुळे वाचली इमारत. मी उगाच भोंगा भोंगा करतो." मी म्हटलं, भात घे अजून. ठकीच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. नवऱ्यानं पाहिले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गेले ते कडीला न अडकवता बेल वाजवली. ठरवून गेले होते, सांगायचं. मावशींनी दार उघडलं, पिशवी घेतली, ठकीच्या गालाला बोट लावलं. "काय म्हणतेय आमची ट्रंक कॉल?" ठकी रडली की त्या तिला ट्रंक कॉल म्हणत. मी म्हटलं, "मावशी, काल..." त्या ओट्याकडे वळल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कडीला साबण लागला होता गं. वाळून बसला होता. पुसला मी." दूध पातेल्यात ओतल्याचा आवाज झाला. मग त्या त्यांच्या एका जुन्या सुपरवायझरची नक्कल करायला लागल्या, ती नाकात बोलायची, आणि मी हसले. खरंच हसले. घरी येऊन ठकीला खाली ठेवलं तेव्हा कुठे मला त्यांचं वाक्य पोचलं. त्या दाराच्या आत होत्या. वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या असणार. माझी पावलं, ठकीची किंचाळी, आमचं दार ओढल्याचा आवाज. मग कडीशी खुडबुड. आणि त्या थांबल्या असणार, आता ठोठावेल म्हणून. सगळं आयुष्य त्यांनी तारेच्या दुसऱ्या टोकाचं माणूस आहे की गेलं हे कानानं ओळखण्यात काढलेलं.

मी त्यांना भल्या समजले. लेकुरवाळीला सांभाळून घेतलं, पोटात घातलं माझं. आणि तसं समजल्यानं मला आणखीच कानकोंडं झालं. जिन्यात कुणी "मावशी फार हट्टी हो" म्हणालं की मी चपलांच्या पट्ट्याशी खेळायची. लोक आता त्यांना समजावायला जायचे, आणि बाहेर येऊन मला सांगायचे, तुम्ही तरी सांगा, तुमचं ऐकतील. चोराला चोरीवर पहारा करायला बसवतात म्हणजे काय ते मला कळलं. पुढच्या सरावाची तारीख ठरवा म्हणून काका मागे लागले होते, मी ठकीच्या सर्दीची ढाल करत होते. बिचारीला त्या दिवसांत जितकी सर्दी झाली तितकी जन्मात झाली नव्हती.

मग मावशींचा मुलगा आला. तो दुसऱ्या शहरात असतो, एरवी वर्षातून एकदा येतो, घाईघाईनं पंखे पुसतो आणि जातो. काकांनी त्याला फोन केला होता. भिंत पातळ, त्याचा आवाज आमच्याकडे यायचा: "आई, तू आतून दार लावून बसतेस? बाहेर घर रिकामं म्हणून खूण करून? म्हणजे काय समजायचं मी?" मावशींचं उत्तर ऐकू यायचं नाही. मग त्याचंच: "तिथे चोवीस तास माणसं असतात. नर्स असते. खोली तळमजल्यावर आहे." मग मावशींचं खोकणं. धुराचं खोकणं अजून गेलं नव्हतं. मी ठकीचे कपडे घडी करत होते, घातलेली घडी मोडून पुन्हा तीच घालत होते. हे घर मावशींनी स्वतःच्या पगारावर घेतलेलं. त्यांचा नवरा गेला तेव्हा मुलगा ठकीएवढा. खिडकीतून रस्त्याचं वळण दिसतं, तिथे बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्यांना मनातल्या मनात जोडून द्यायच्या; "हा बघ, याचा कॉल लागत नाहीये," असं एखाद्या उदास माणसाकडे पाहून म्हणायच्या. ते वळण त्यांच्याकडून जाणार होतं. माझ्या मानेमुळे, माझ्या हातामुळे. मला वाटलं, खरं सांगितलं की सगळं जागच्या जागी येईल. आई वेडी नाही, जिवावर उदार झालेली नाही, हे त्याला कळलं की तो शांतपणे पंखे पुसून परत जाईल. मला खरंच असं वाटलं. ठकीला कडेवर घेतलं आणि बेल वाजवली.

मुलानं दार उघडलं. "या ना," म्हणाला. थकलेला, सभ्य माणूस. मावशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा मी धरून चालले होते तसा नव्हता. तो रडवेला नव्हता. घासाघीस निम्म्यावर आणून ठेवलेल्या बाईचा होता. "ये गं. यालाच सांगत होते, झाला माझा हट्ट. वय झालं की होतं. पुढच्या वेळी शिट्टी वाजली की हिच्या आधी मी जिन्यात. शब्द देते म्हटलं."

"शब्द देतेस, आई, पण पाळशील का?"

"तुझ्या परीक्षेच्या वेळी सिगारेट सोडीन म्हणाले होते. पेटवली त्यानंतर?"

तो हसला. नाइलाजानं हसला, आईला फार जुन्या ओळखीनं ओळखणाऱ्या माणसासारखा. "नाही पेटवलीस," म्हणाला. तो बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. आणि मी उभ्या उभ्याच म्हणाले, "त्यांनी हट्ट नव्हता केला. मी आलेच नव्हते."

"अगं, बस," मावशी म्हणाल्या.

"ते फडकं माझं होतं. माझ्या हातून चुकून यांच्या कडीला लागलं. रोज दूध अडकवते ना, त्या सवयीनं. जिन्यात कळलं मला. पण ठकी होती, धूर होता, मी परत नाही गेले." मी भराभरा बोलत होते, आतून काहीतरी सैल होत होतं, आणि बोलता बोलताच मला कळत होतं की मान हलवल्याचं मी गाळते आहे. "मावशींनी मला सांभाळून घेतलं. त्यांची काही चूक नाही. त्यांना इथून नेऊ नका."

"हिला ताप होता त्या दिवशी," मावशी मुलाला म्हणाल्या. "काहीतरी बोलते. आली होती ही. दोनदा हाक मारली."

"मावशी, नाही."

मुलगा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं चिडेल, मी त्याची वाटही बघत होते. तो चिडला नाही. "तुमच्याकडे लहान मूल आहे," तो म्हणाला. "मी असतो तर मीही हेच केलं असतं. तुम्हाला दोष नाही देत." मग तो आईकडे वळला आणि त्याचा आवाज इतका मऊ झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "ऐकलंस? तुला न्यायला कुणी येणार नाही, आई. वाईट म्हणून नाही. प्रत्येकाचं आपापलं असतं. आणि तू दाराशी उभी होतीस का? वाट बघत?"

मावशींनी पदर नीट केला.

"उभी होतीस?"

"खुर्ची ओढली होती दाराशी," त्या म्हणाल्या.

त्यानं डोळ्यांवर तळहात ठेवले. मग उठला, फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेला. त्यानं दार लोटलं तरी शब्द येत होते: हो, तळमजल्यावरचीच. हो, या आठवड्यात.

ठकी माझ्या कडेवरून मावशींकडे झेप घेत होती. मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं, कारण मला त्यांच्यासमोर दुसरं काहीच ठेवता येत नव्हतं. त्यांनी तिला नीट धरलं, पडू नये असं. "मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी..." मी म्हणाले.

"तुझ्यासाठी? तू मोठी गं स्वतःवर खूश." त्या रागावल्या नव्हत्या. ठकीच्या झबल्याचं बटण लावत होत्या. "हट्टी म्हातारीला इथे राहता येतं. तिच्याकडून शब्द घेता येतो, तिला रागावता येतं, पुढच्या वेळी धरून खाली नेता येतं. विसरलेल्या म्हातारीकडून काय शब्द घेणार? मी कबूल होत आले होते बघ. तोही आला होता कबुलीला. अजून अर्धा कप चहा, आणि निघाला असता."

आतून त्याचा आवाज येत होता, हळू, पत्ता लिहून घेत असल्यासारखा. मी म्हणाले, "मी आत जाऊन सांगते, मी खोटं बोलले म्हणून."

"आता कोण ऐकणार? एकदा खरं ऐकलेला माणूस." त्यांनी ठकीला माझ्याकडे परत दिलं, दोन्ही हातांनी, जपून. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि दोन टोकं जोडून दिल्यावर नीट ऐकू येतंय ना असं विचारावं तशा सरळ आवाजात विचारलं, "तुला हलकं वाटलं का पण? सांगून टाकल्यावर?"

मला खोटं बोलायला हवं होतं. निदान तेवढं तरी त्यांच्यासाठी करायला हवं होतं. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय, आणि अंगातून ते खरंच उतरलेलं, खांदे मोकळे झालेले, श्वास पोटापर्यंत जात होता.

"हो," मी म्हणाले.

मावशींनी मान डोलावली आणि खिडकीकडे तोंड केलं.